रस्त्यावरचे बाक आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली आणि विषयाची मोकळीकही दिली. मी विषय कळवला, "रस्त्यावरचे बाक". तो ऐकून कार्यकारिणीतील एकदोघींना हसू आवरले नाही. बाकावर बोलण्यासारखे ते काय असणार? बसावे, घटकाभर टेकावे आणि उठून घरी जावे. त्यांचे हसणे मला मुळीच लागले नाही. पण बसायला जागा असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांना ती मिळत नाही त्यांनाच ठाऊक असते. आणि ती न मिळणाऱ्यांत आपण बऱ्याचजणी आहोत.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आपल्या बस-थांब्यापाशी जाऊन पाहा. चौकातला कट्टा पुरुषमंडळींनी भरलेला असतो. पानाच्या ठेल्याभोवती घोळका असतो. आणि बायका कोठे असतात? दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकीत उभ्या असतात. पूर्वी तेथे सिमेंटचे एक बाक होते. त्यावर टवाळ मुले बसतात अशी कोणीतरी तक्रार केली, आणि संबंधित कचेरीने मुलांना समज देण्याऐवजी बाकच उचलून नेले. मुलांचे काही बिघडले नाही. ती शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागली. उभ्या राहिल्या त्या आपल्या सत्तरीच्या आजीबाई.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्या तीन विदुषींनी मुंबईतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की बाई घराबाहेर दिसली तर तिच्यापाशी काहीतरी काम असावे लागते. दळण, मुलांची शाळा, देऊळ, नोकरी, काहीही चालेल. पण कारण हवे. विनाकारण, केवळ वारा खात बसण्याची मुभा पुरुषाला आहे, बाईला नाही. हे वाचले तेव्हा मला आपला थांबा आठवला. बाक नसणे ही नुसती गैरसोय नव्हे. "तुमचे येथे काय काम? घरी चला," असे रस्ता आपल्याला सांगत असतो.

हा विषय आजच काढण्याचे कारण आपणां सर्वांना माहीत आहे. वर्धापनदिनासाठी आपण जो निधी जमवला आहे, त्याचे काय करावे हे पुढील सर्वसाधारण सभेत ठरावयाचे आहे. एक सूचना अशी आली आहे, की मंडळाच्या दाराशी संस्थापिकांच्या नावांचा संगमरवरी फलक बसवावा. संस्थापिकांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. तरीही माझी सूचना निराळी आहे. त्या पैशातून आपण वस्तीत तीन बाके बांधावीत. आणि ती बाजारातून विकत न आणता आपल्याच वस्तीतील कलावंतांच्या कल्पनेने, आपल्याच हातांनी सजवावीत. ही सूचना मला कशी सुचली ते आता सांगते.

माझी मुलगी न्यूयॉर्कला असते. तिच्याकडे गेले असता एके दिवशी तिने मला हडसन नदीकाठच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये नेले. तेथे जनरल ग्रँट ह्यांची भव्य समाधी आहे. हे गृहस्थ अमेरिकेचे अध्यक्ष होते. निवृत्तीनंतर जगप्रवासाला निघाले असता १८७९ साली ते आपल्या मुंबईतही येऊन गेले होते. त्यांची समाधी १८९७ साली बांधून पूर्ण झाली. पांढऱ्या दगडाची, मोठाल्या खांबांची ती इमारत पाहिली की माणूस आपोआप हळू आवाजात बोलू लागतो. आणि त्याच गंभीर इमारतीला तीन बाजूंनी वेढून एक बाक नागमोडी धावत गेलेले आहे! अंगभर रंगीत फरशीचे तुकडे, कोठे फुगलेले, कोठे खोलगट, कोठे कमानीसारखे उचललेले. त्यावर न्यूयॉर्कची टॅक्सी आहे, मुलांचा लाडका डोनाल्ड डक आहे, मासे, पक्षी आणि माणसे आहेत. जणू एखाद्या करारी आजोबांच्या भोवती नातवंडांनी फेर धरला आहे.

हे बाक १९७२ ते १९७४ ह्या काळात झाले. पेद्रो सिल्वा नावाच्या चिली देशातून आलेल्या कलावंताने ते योजले आणि फिलिप डान्झिग ह्या वास्तुतज्ज्ञाने त्याला साथ दिली. लोकांना बरोबर घेऊन सार्वजनिक कलाकृती घडवण्यासाठी १९६८ साली तेथे 'सिटीआर्ट्स' नावाची संस्था निघाली होती, तिच्यामार्फत हे काम झाले. त्या दिवसांत समाधीची अवस्था वाईट होती. भिंतींवर वेडेवाकडे लिहिलेले, आवारात कचरा, आणि शेजारच्या वस्तीला त्या इमारतीविषयी काही आपुलकी नाही. पहारा वाढवणे हा एक उपाय होता. ह्या मंडळींनी निराळा केला. त्यांनी आसपासच्या मुलांना, आईबापांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावले, हाती फरशीचे तुकडे दिले आणि सांगितले, तुम्हांला काय दिसते ते येथे बसवा. शेकडो हात त्या कामाला लागले.

भगिनींनो, खरी गोष्ट ह्याच्या पुढे आहे. वीसएक वर्षे गेली. १९९७ साली समाधीची शताब्दी येणार होती, म्हणून जीर्णोद्धाराचे काम निघाले. तेव्हा काही जाणत्या लोकांनी मागणी केली, की ही रंगीबेरंगी बाके येथून हलवावीत. त्यांचे म्हणणे असे, की ज्या ठिकाणी एक सेनापती आणि त्यांची पत्नी चिरविश्रांती घेत आहेत, तेथे डोनाल्ड डकचे काय काम? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर हा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. प्रत्येक जागेची एक मर्यादा असते. परंतु वस्तीतले लोक बाकांच्या बाजूने उभे राहिले. ज्यांनी लहानपणी त्यावर तुकडे बसवले होते, ती मुले तोवर मोठी झाली होती. बाके राहिली. पुढे तुकडे निखळू लागले, तडे गेले, तेव्हा २००८ साली त्यांची दुरुस्ती करण्यात आली आणि त्या कामातही नव्या पिढीची मुले आली.

विकत आणलेल्या सिमेंटच्या बाकासाठी कोणी असे भांडले असते काय? आपल्या थांब्यावरचे बाक एका सकाळी नाहीसे झाले, तेव्हा वस्तीतून एकही अर्ज गेला नाही, कारण ते आपले नव्हतेच. त्यावर तर कोणा मान्यवरांचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते. ज्याच्या घडणीत आपला हात लागला, त्याला कोणी हात लावू म्हटले तर आपण पुढे होतो. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकी सारे त्याचा विस्तार आहे.

सिल्वा ह्यांना ही कल्पना सुचली ती स्पेनमधील बार्सिलोना शहराच्या एका बागेवरून. आंतोनी गाउदी हे तेथील थोर वास्तुशिल्पी. एउसेबी ग्वेल नावाच्या धनिकासाठी त्यांनी १९०० ते १९१४ ह्या काळात एका टेकडीवर श्रीमंतांची वसाहत आखली. साठ बंगले व्हावयाचे होते, झाले दोन. वसाहत फसली, परंतु तिचे मोकळे अंगण मागे राहिले, आणि त्याच्या कडेने सुमारे ११० मीटर लांबीचे नागमोडी बाक राहिले. १९२६ साली ती बाग सर्वांसाठी खुली झाली. श्रीमंतांसाठी योजलेल्या त्या बाकावर मग कोणीही बसू लागले, आणि युनेस्कोने १९८४ साली त्या बागेला जागतिक वारशात स्थान दिले आहे.

त्या बाकाची सजावट गाउदींचे तरुण सहकारी जुजोल ह्यांनी केली. साहित्य काय वापरले असेल? फुटक्या फरश्या आणि फुटकी भांडी! स्वयंपाकघरात एखादी बशी फुटली की आपण हळहळतो आणि केरात टाकतो. त्यांनी ते तुकडे शेजारी शेजारी बसवून इंद्रधनुष्य उभे केले. हे वाचून तुम्हांला काय आठवले ते मला सांगा. मला तर आपली गोधडी आठवली. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ, यजमानांच्या सदऱ्याची बाही, मुलीचे पहिले झबले, सारे एकत्र येऊन वर्षानुवर्षे ऊब देणारी ती गोधडी. बार्सिलोनाचे बाक म्हणजे चिनी मातीची गोधडीच म्हणा ना!

आणि हे तंत्र आपल्याला परके नाही. आपल्या इमारतींच्या गच्च्यांवर पाणी मुरू नये म्हणून फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवतात. गवंडी त्याला 'चायना मोझॅक' म्हणतात. चंदीगडला नेकचंद नावाच्या सरकारी नोकराने १९५७ पासून गुपचूप, फावल्या वेळी, फुटक्या कपबश्या, फरश्या आणि बांगड्यांचे तुकडे गोळा करून एक अद्भुत बाग उभी केली, ती १९७६ साली लोकांसाठी उघडली. फुटक्या बांगड्या, भगिनींनो! ते साहित्य तर आपल्याच घरातले.

आता एक निराळे उदाहरण. २०१४ च्या उन्हाळ्यात लंडन शहरात उघड्या पुस्तकाच्या आकाराची ५० बाके ठिकठिकाणी मांडली होती. प्रत्येकावर एका पुस्तकातील प्रसंग चितारलेला. मुले त्यांवर बसून वाचीत, लोक नकाशा घेऊन बाके शोधीत फिरत. उन्हाळा संपल्यावर बाकांचा लिलाव झाला, अडीच लाख पौंडांहून अधिक रक्कम साक्षरतेच्या कार्याला मिळाली. काम पुण्याचे झाले ह्यात शंका नाही. परंतु त्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या बाईच्या वाट्याला काय राहिले? बाक गेले, आणि ती पुन्हा उभीच. शोभा म्हणून मांडलेले बाक आणि बसण्यासाठी बांधलेले बाक ह्यांत हा फरक आहे. आपल्याला दुसरे हवे.

त्याच लंडनच्या कॅम्डेन भागात २०१२ साली आणखी एक बाक आले. सिमेंटचा एक तिरकस, सर्व बाजूंनी उतरता ठोकळा. त्यावर कोणाला झोपता येऊ नये, फार वेळ रेंगाळता येऊ नये, अशी त्याची रचनाच आहे. केवढी बुद्धी खर्च झाली, आणि ती कशासाठी? माणसाने लवकर उठावे म्हणून! आपल्याकडेही काही दुकानांच्या पायऱ्यांवर खिळे नि सळया दिसू लागल्या आहेत. बाक पाहिले की त्या गावाचे पाहुण्याविषयीचे मन कळते. आपल्या घरी कोणी आले तर आपण आधी पाट देतो आणि मग पाणी. वस्तीचेही तसेच असावे.

माझ्या सूचनेवर काही आक्षेप आधीच कानी आले आहेत.

पहिला आक्षेप टवाळ मुलांचा. त्यावर माझे उत्तर असे, की त्याच मुलांना प्रथम बोलवावे. सिमेंट कालवण्याचे काम त्यांचे. ज्या बाकावर आपण चार रविवार घाम गाळला, त्यावर बसून आजीला उभे ठेवणे मुलाला जड जाते. तरी एखादा बसेल. बसू द्या. त्याच्या शेजारी आपणही बसू.

दुसरा आक्षेप असा, की बाके झाली म्हणजे बायका चकाट्या पिटीत बसतील. ह्याला उत्तर झिंबाब्वे देशातील आजीबाईंनी दिले आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा ह्यांनी २००६ साली हरारे शहराच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात साधे लाकडी बाक, त्यावर एक आजी आणि शेजारी दुःखाने खचलेले माणूस. आजी ऐकते, विचारते, वाट शोधायला मदत करते. ह्या उपक्रमाची शास्त्रीय पाहणी झाली आणि २०१६ साली ती अमेरिकेच्या मान्यवर वैद्यक नियतकालिकात आली. आजीशी बोललेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांपेक्षा सहा महिन्यांनी स्पष्ट आराम होता. बाकावरच्या बोलण्याला चकाट्या म्हणावयाचे की औषध, हे आपणच ठरवा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. "साधे बाक बांधा, सजावटीचे चोचले कशाला?" असे विचारले जाते. भगिनींनो, आपण रांगोळी कशाला काढतो? तिच्यावाचून उंबरठा अडतो काय? वारली समाजात लग्नघरच्या भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. त्यांना कोणी चोचला म्हटले नाही. सजावट म्हणजे "ही जागा आमची आहे" अशी सही. शिवाय फुटक्या फरशीला दाम फारसा पडत नाही. फरशीवाल्यांच्या गोदामामागे तिचे ढीग पडलेले असतात. खर्च आहे तो पायाचा, सिमेंटचा आणि सळ्यांचा, आणि तो साध्या बाकालाही चुकत नाही.

तेव्हा काम कसे करावे ह्याविषयी काही सूचना करते.

आधी जागा. थांब्यापाशी एक, दवाखान्याच्या वाटेवरील चढणीवर एक आणि पिंपळाखाली एक. महापालिकेची लेखी परवानगी घेतल्यावाचून कुदळ मारू नये, आणि पदपथावर चालणाऱ्याची वाट अडू नये. भाजीवाल्या मावशींची टोपली जेथे असते ती जागा त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ग्रँटच्या समाधीपाशी जो वाद झाला, तो आपल्याला हा धडा देतो, की जागेशी ज्यांचे नाते आहे त्यांना काम संपल्यावर नव्हे, आरंभीच विचारावे.

मग बैठक. ती सुमारे दीड फूट उंच असावी. त्याहून खाली असेल तर गुडघे दुखणाऱ्या बाईला उठता येत नाही. पाठ टेकायला आधार हवा आणि उठताना हात टेकण्यासाठी कडेला दांडा हवा. मात्र मधोमध दांडे नकोत. बैठकीला किंचित उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. उन्हात सिमेंट तापते, म्हणून सावली पाहूनच जागा धरावी. तुकड्यांच्या कडा घासून बोथट कराव्यात आणि फटी सिमेंटने नीट भराव्यात, नाहीतर कोणाचे पातळ फाटेल, कोणाच्या हाताला लागेल. बांगड्यांची काच बैठकीवर नको. ती पाठीमागच्या बाजूला, हात लागणार नाही अशा ठिकाणी खोल बसवावी.

आणि कलावंत? ते शोधायला दूर जावे लागणार नाही. शाळेचे चित्रकलेचे मास्तर आहेत. गणपतीच्या मूर्ती घडवणारे कुटुंब आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर आहेत. छापील फलक आल्यापासून त्यांच्या हाताला काम कमी आहे. आणि चैत्रगौरीचे अंगण चितारणाऱ्या आपल्या काकी आहेत, ज्यांनी स्वतःला कधी कलावंत म्हणवून घेतले नाही. चौघांनी मिळून आराखडा करावा. परंतु त्याआधी घरोघर जाऊन विचारावे, की ह्या वस्तीतले काय चितारावे? कोणी जुनी विहीर सांगेल, कोणी गिरणीचा भोंगा, कोणी गेलेला वड. रस्ता झाडणाऱ्या बाई काय सांगतील हे ऐकायला मी उत्सुक आहे, कारण हा रस्ता त्यांच्याइतका कोणी पाहिलेला नाही.

एक अट मात्र माझी आग्रहाची आहे. बाकावर कोणाचेही नाव नको. देणगीदाराचे नको, पुढाऱ्याचे नको, मंडळाचेही नको. संस्थापिकांची आठवण ठेवावयाची तर त्यांनी पहिली सभा कोठे भरवली हे आठवा. दार उघडे होते, सतरंजी अंथरली होती, आणि येईल तिला बसा म्हटले होते. त्यांचे स्मारक ह्याहून निराळे काय असणार?

शेवटी देखभाल. तुकडे निखळणारच, न्यूयॉर्कला निखळले, आपल्याकडेही निखळतील. म्हणून निधीतील काही रक्कम बाजूला ठेवावी आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आधी, एक दिवस बाकांच्या डागडुजीचा धरावा. त्या दिवशी लहान मुलींना आवर्जून न्यावे आणि एकेक तुकडा त्यांच्या हातून बसवावा. उद्या कोणी कचेरीचा कागद घेऊन बाक उचलायला आला, तर त्याला आडव्या जाणाऱ्या त्या मुलीच असतील.

पुढील सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन द्यावयाचे की नाही ते आपण ठरवावे. पण त्याआधी एक दिवस, हातात भरलेल्या पिशव्या घेऊन, थांब्यावर पंधरा मिनिटे उभे राहून पाहावे एवढी विनंती आहे.